पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोला गोबरगॅसची स्लरी : माझे दोन हंगाम

मळ्यातली_ताई

राम राम मंडळी.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या जवळ. घरी पाच संकरित गाई आणि एक म्हैस. सासऱ्यांनी बांधलेला २ घनमीटरचा दीनबंधू (पक्क्या घुमटाचा) गोबरगॅस आहे आणि त्याला लागूनच १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस. गेले दोन हंगाम त्यात सुतळीवर चढवायचा, वाढत राहणारा टोमॅटो घेते आहे. अडीच हजाराच्या आसपास झाडं. त्यांच्या नत्राचा बराचसा भार मी गोबरगॅसच्या स्लरीवर, म्हणजे प्लांटमधून बाहेर येणाऱ्या पातळ शेणावर टाकलाय. पहिल्या हंगामात पीक हातचं जाता जाता राहिलं. दुसऱ्यात घडी बसली. "स्लरी ठिबकमधून सोडली तर चालेल का?" हा प्रश्न इथे महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. उत्तरं येतात ती एकतर "बिनधास्त सोडा, अमृत आहे" नाहीतर "नादाला लागू नका, ठिबक बाद होईल". माझ्या अनुभवात दोन्ही अर्धीच खरी आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या प्लांटमध्ये रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून टाकतो. आपल्याकडच्या हवामानात ते आत सुमारे ४० दिवस राहतं. रोज जेवढं आत जातं जवळजवळ तेवढंच बाहेर येतं, म्हणजे १०० लिटरच्या आसपास स्लरी. गॅस होऊन जातो तो शेणातला कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश आत गेलं तेवढंच बाहेर येतं. फरक पडतो तो नत्राच्या रूपात. शेणात अडकलेलं नत्र आत सुटं होतं आणि त्यातला मोठा हिस्सा अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. म्हणून स्लरी शेणखतापेक्षा लवकर लागू पडते आणि त्याच कारणाने भाजतेही. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

पहिल्या हंगामातली गोष्ट. डिसेंबर, लागवडीला पाचवा आठवडा. थंडी म्हणून बाजूचे पडदे दिवस मावळायच्या आतच खाली सोडले होते. त्याच संध्याकाळी आउटलेटची ताजी स्लरी, पाणी न घालता, बादल्यांनी बेडवर ओतली. सकाळी पडदा वर केला तर आतल्या हवेने डोळे चुरचुरले. खालच्या पानांच्या कडा उकडल्यासारख्या झाल्या होत्या, शिजवलेल्या पालकासारख्या मऊ आणि काळपट हिरव्या. दुपारपर्यंत त्याच कडा वाळून कागदासारख्या कुरकुरीत झाल्या. पाच-सहाशे झाडांना फटका बसला. करपा समजून मी बुरशीनाशक फवारलं, ते पैसेही वाया गेले. तो करपा नव्हताच. बंद पॉलिहाऊसमध्ये कोंडलेला अमोनिया होता.

त्यानंतर शहाणं होऊन पाणी घातलं, साडीच्या कापडातून गाळलं आणि व्हेंच्युरीने (पाण्याच्या दाबावर खत ओढून घेणारी जोडणी) ठिबकमध्ये सोडलं. तीन आठवडे छान गेले. मग बेडच्या शेवटच्या टोकाची झाडं दुपारी माना टाकायला लागली. लॅटरलच्या (बेडवरून जाणाऱ्या ठिबकच्या पाइपच्या) टोकाची घडी सोडली तर आधी काहीच आलं नाही, मग चहाच्या गाळासारखं काळं पाणी भसकन बाहेर आलं. एक ड्रिपर ब्लेडने उभा चिरून बघितला. आतल्या नागमोडी वाटेत तपकिरी जेलीसारखा थर होता आणि त्यात केसाएवढ्या वैरणीच्या काड्या रुतल्या होत्या. कापडातून काड्या थांबतात, पण हा चिकट थर पाइपच्या आतच वाढतो. त्याला कापड काय करणार?

आता माझी पद्धत अशी आहे. आउटलेटच्या पुढे एकाला एक लागून तीन छोटे हौद बांधलेत. पहिल्यात जाड गाळ बसतो, वरचं पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. पहिल्या हौदातला गाळ कंपोस्टच्या खड्ड्यात जातो, त्यातलं एक पाटीसुद्धा पॉलिहाऊसमध्ये येत नाही. तिसऱ्या हौदातली निवळी दुहेरी शेडनेट आणि नायलॉनच्या बारीक जाळीतून ५०० लिटरच्या टाकीत घेते. टाकीत हवेचा छोटा पंप चार दिवस चालतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, चौथ्या दिवशी पहिल्या पावसाच्या मातीसारखा. मग एक भाग निवळी आणि पाच-सहा भाग पाणी. निवळीचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) माझ्याकडे ६ च्या आसपास येतो, पाणी घातल्यावर १.६ ते १.८ वर आणते. त्याच्या वर गेले तर शेंडा थबकतो, हे डोळ्यांनी बघितलंय. आठवड्यातून तीन वेळा, सकाळी, पडदे उघडे ठेवून.

आणि दर नव्या टाकीला अळिवाची परीक्षा. दोन बश्यांत ओला कापूस ठेवायचा, एकात साधं पाणी आणि एकात तयार केलेली पातळ स्लरी. दोन्हींत वीस-वीस अळीव. तीन दिवसांत दोन्हीकडे मुळं सारखी आली तरच ती टाकी ठिबकला जाते. स्लरीच्या बशीतली मुळं आखूड किंवा टोकाशी तपकिरी दिसली तर अजून पाणी घालायचं नाहीतर अजून थांबायचं. अळीव घरातच असतो. प्रयोगशाळेत कंपोस्ट पिकलं की नाही हे बघायला हेच बी वापरतात.

युरिया बंद झालाय. विद्राव्य खतांतलं नत्र निम्म्याच्या खाली आलंय. पण पालाश आणि कॅल्शियम मी विकतच देते. का, ते खाली कुणी विचारलं तर लिहीन, आत्ता धारा काढायची वेळ झाली.

ठिबक_मिस्त्री

ताई, फार कामाचं लिहिलंय. मी बारा-तेरा वर्षं ठिबक जोडतो. स्लरीने बाद झालेली ठिबकं एवढी बघितलीत की दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नुसता स्क्रीन फिल्टर स्लरीला पुरत नाही. त्याची जाळी एकाच थराची, चिकट पदार्थ दाबाने तिच्यातून आरपार जातो. आधी सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर, साधारण १३० मायक्रॉनचा. स्लरीच्या दिवशी डिस्क काढून हाताने धुवायच्या, नुसतं उलटं पाणी मारून भागत नाही. सोडताना आधी दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी, मध्ये स्लरी, शेवटी किमान वीस मिनिटं परत साधं पाणी. ही शेवटची वीस मिनिटं लोक खातात आणि तिथेच मरतात. पाइपमध्ये रात्रभर स्लरी उभी राहिली की थर धरलाच म्हणून समजा. आठवड्याला एकदा प्रत्येक लॅटरलचं टोक सोडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं.

थर काढायला क्लोरीन चालतं, पण स्लरी आत असताना नाही. स्लरीतला अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो आणि शेवाळाला, जंतूला काही होत नाही. आधी साध्या पाण्याने लाइन पूर्ण धुवा, मग क्लोरीन. क्षार बसले असतील तर ॲसिड, पण ते वेगळ्या दिवशी. ब्लीचिंग आणि ॲसिड एका बादलीत कधीही नाही, एकामागोमाग एकाच टाकीतूनही नाही. विषारी क्लोरीन वायू होतो. हे ठळक करून लिहितोय, कारण एका ठिकाणी माणूस खोकत खोकत बाहेर पळताना मी बघितलाय.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्याचं क्षेत्र १० गुंठ्यांच्या आत आहे त्याने स्लरीसाठी वेगळी लाइन टाकावी, ड्रिपर नसलेली, मायक्रोट्यूबची, म्हणजे नुसत्या बारीक नळ्यांची. मायक्रोट्यूब तुंबली तर फुंकून किंवा तारेने मोकळी होते. ड्रिपर तुंबला तर फेकायचा.

मातीचा_वास

माझं शिक्षण मृदाशास्त्राचं, काम माती-पाणी तपासणीचं. ताईंच्या लेखातलं बहुतेक सगळं पटलं, एका गोष्टीवर मात्र माझा विरोध नोंदवतो. चार दिवस हवा.

स्लरीचा सामू (पीएच) ७.५ ते ८ च्या घरात असतो. अशा पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडले की गंधकाचा वायू तर जातोच, सोबत अमोनियाही उडतो. म्हणजे ज्या नत्रासाठी हा सगळा खटाटोप, तेच आपण आभाळात सोडतो. दोन-चार दिवसांत अमोनियाचं नायट्रेट होत नाही, त्या जिवाणूंना आठवडे लागतात. ते काम मातीला करू द्या, ती ते उत्तम करते. माझ्या मते एक दिवस हवा पुरे. टाकीला झाकण ठेवा आणि पातळ करून मल्चिंगच्या खाली सोडा. मातीला भिडला की अमोनिया तिथे धरला जातो. तुमच्या झाडांना भाजणारा अमोनिया उघड्या बेडच्या पृष्ठभागावरून उठलेला होता.

आता पालाशाचं मी लिहितो, ताई धारा काढतायत तोवर. ताज्या शेणात नत्र ०.३ ते ०.४ टक्के धरा. ५० किलोमागे रोज पावणेदोनशे ग्रॅम, सहा महिन्यांत तीसेक किलो. टोमॅटोला एक टन फळामागे साधारण अडीच-तीन किलो नत्र लागतं आणि पालाश चार-पाच किलो. १० गुंठ्यांत १० टन फळ धरलं तर नत्र पंचवीस-तीस किलो, म्हणजे कागदावर स्लरीतूनच भागतं. पालाशाचं मात्र गणित उलटं आहे. जनावराचं पालाश मुख्यतः मुतात जातं, शेणात कमी राहतं. त्यामुळे निव्वळ शेणाच्या स्लरीवर वाढवलेला टोमॅटो हिरवागार, पानाळ दिसतो, मालक खूष असतो, आणि फळं मात्र खांद्याशी पिवळट राहतात, रंग सारखा भरत नाही. गोठ्यातलं गोमूत्र स्लरीत घेतलं तर पालाश वाढतं, पण अमोनियाही वाढतो, तेव्हा पातळ जास्त करावं लागेल. नाहीतर सल्फेट ऑफ पोटॅश.

कॅल्शियमचं कारण वेगळं. मुळाशी अमोनियम जास्त झालं की झाड कॅल्शियम कमी उचलतं. फळाच्या बुडाला जो काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग पडतो त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण पाण्याची ओढाताण. तुंबलेल्या ड्रिपरखालच्या झाडाला दोन्ही एकदम मिळतात. म्हणून कॅल्शियम नायट्रेट हवंच, पण स्लरीसोबत नको. स्लरीतल्या स्फुरदाशी आणि बायकार्बोनेटशी जुळून पाइपात चुन्यासारखा साका बसेल. दोन्हींत दोन दिवसांचं अंतर ठेवा.

मळ्यातली_ताई

मातीचा_वास, झाकणाचा मुद्दा मान्य. वास गेला म्हणजे स्लरी पिकली असं मी धरून चालले होते, पण वासासोबत काय जातंय हे डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या टाकीला एक दिवस हवा देऊन झाकण लावते आणि अळिवाला विचारते.

फळाच्या बुडाचं तुम्ही लिहिलंत तसंच झालं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या घोसाला डाग आला आणि तो नेमका शेवटच्या टोकांच्या झाडांवर. तेव्हा मला वाटलं बियाणं खराब.

नवा_शेडनेटवाला

नमस्कार ताई, काका. मी संगमनेर तालुक्यातला. २० गुंठे शेडनेट आहे. तीन प्रश्न आहेत.
स्लरीत गूळ आणि ताक घालावं का? आमच्याकडे सगळे घालतात.
कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) पिशव्यांत लावलेल्या टोमॅटोला हे चालेल का?
आणि माझ्या झाडांचं काहीतरी बिनसलंय. तीन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा स्लरी दिली. आता शेंड्याची नवी पानं लांबट, अरुंद, दोरीसारखी निघतायत, शिरा जवळजवळ आल्यात, शेंडा पिळल्यासारखा वाटतो. कडा जळालेल्या नाहीत. स्लरी बंद करू का?

मातीचा_वास

बंद नका करू, आधी दोन गोष्टी सांगा. शेजारी ऊस किंवा गहू आहे का, आणि त्यात तणनाशक कुणी मारलं का? तुम्ही वर्णन करताय ती लक्षणं अमोनियाची नाहीत. टू-फोर-डीच्या जातीचं तणनाशक टोमॅटोला अगदी लेशभर लागलं तरी असंच दिसतं. चुरडा-मुरडा हा विषाणूचा रोगसुद्धा असू शकतो, पण त्यात पानं आखडून पिवळट होतात, दोरी होत नाहीत.

गुळाचं : कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, आळवणीला घाला, ठिबकच्या स्लरीत नको. तोच गूळ पाइपातल्या चिकट थराला खाऊ घालता तुम्ही. ताकाने सामू थोडा उतरतो आणि अमोनिया उडायचा थांबतो हे खरं आहे, पण लोणी पूर्ण काढलेलं हवं. त्यापेक्षा गाळाच्या हौदात थोडं सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं तर नत्रही धरलं जाईल आणि स्फुरदही मिळेल.

कोकोपीटला सरळ नाही म्हणेन. मातीत अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मुबलक असतात, नव्या कोकोपीटमध्ये ते नसल्यासारखेच. मुळं थेट अमोनियमच्या पाण्यात उभी राहतात. वेगळ्या टाकीत आठवडेच्या आठवडे हवा देऊन, सामू सांभाळून नायट्रेट करून मग वापरता येतं, पण ते रोज मोजमाप करणाऱ्याचं काम आहे.

वेस्टलँडहून

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या नेदरलँड्समध्ये वेस्टलँड भागात काचगृहात कामाला आहे. इथले नेहमीचे टोमॅटो मातीत नसतातच, रॉकवूलच्या (दगडापासून काढलेल्या लोकरीसारख्या धाग्यांच्या) पट्ट्यांवर असतात, त्यामुळे गोबरगॅसचं पाणी तिथे कुणी सोडत नाही. सेंद्रिय टोमॅटोला मात्र युरोपच्या नियमाने जमिनीतच लावावं लागतं.

ताईंना उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगतो. इथे जनावरांच्या शेण-मुतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोच नत्र जमिनीला द्यायला परवानगी आहे. गोबरगॅसमधून फिरून आलेलं शेणही त्यातच मोजतात. कारण विहिरी, कालवे आणि भूजल यांत नायट्रेट उतरलं. १० गुंठ्यांना ते साधारण १७ किलो होतं. तुमची १०० लिटर स्लरी रोज त्याच १० गुंठ्यांत गेली तर सहा महिन्यांतच तुम्ही त्याच्या जवळपास दुप्पट जाल. मला माहीत आहे की आपल्याकडे हा नियम नाही, पण विहीर पॉलिहाऊसच्या शेजारीच असते ना बहुतेक?

मळ्यातली_ताई

विहीर तीस पावलांवर आहे, आणि तेच पाणी आम्ही पितो.

सगळी स्लरी आत जात नाही, हे वर लिहायला हवं होतं. पॉलिहाऊसला रोजची सरासरी चाळीस-पंचेचाळीस लिटर. उरलेली नेपियर गवताला आणि गाळाचं कंपोस्ट कांद्याच्या रानाला. पंचेचाळीस लिटरचा हिशेब आत्ता कागदावर केला, सात महिन्यांचं पीक धरून साडेसोळा किलोच्या आसपास येतं. म्हणजे नकळत त्या आकड्याशी येऊन थांबलेय. पण यापुढे नकळत नको. यंदा विहिरीचं पाणी नायट्रेटसाठी तपासून घेते, सोबत मातीचा ईसीही. आतल्या मातीवर पावसाचा थेंब पडत नाही, त्यामुळे क्षार वरच साठतात. मागच्या उन्हाळ्यात पीक काढल्यावर बेड भरभरून पाण्याने धुतले होते, तेव्हा वाफ्याच्या कडेला पांढरी बुरशी वाटावी अशी मिठाची साय आलेली दिसली.

पंचगंगाकाठ

मी सत्तरीचा माणूस. कोल्हापूर भागात घरोघरी गोबरगॅस होते तेव्हापासून बघत आलोय, आधी लोखंडी टोपीचा, मग १९८४ नंतर दीनबंधूचा घुमट. स्लरी आमच्याकडे पाटाच्या पाण्यात सोडायचे, उसाला. पाइप नव्हता म्हणून तुंबत नव्हतं.

दोन गोष्टी कुणी बोललं नाही. ज्यांच्या गोबरगॅसला शौचालय जोडलेलं आहे त्यांनी ती स्लरी टोमॅटोला देऊ नये. देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालय-गोबरगॅसचं जे काम केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, गाव स्वच्छ झालं ते अशा माणसांमुळे. पण आपल्या साध्या गोबरगॅसच्या उबेत जंताची अंडी मरत नाहीत, त्यांना पन्नास-पंचावन्न अंशाची उष्णता लागते. ती स्लरी नारळाला, आंब्याला, गवताला द्या. टोमॅटो माणसं कच्चा खातात, कोशिंबिरीत, लहान पोरं तर झाडावरून तोडून. नुसत्या शेणाची असली तरी फळाला लागता कामा नये. खालचा घोस जमिनीला टेकत असेल तर आधी वर बांधा, मग स्लरी सोडा. आणि फवारणी तर मुळीच नको.

दुसरी गोष्ट. आउटलेट चोंदला, गाळ साठला म्हणून टाकीत माणूस उतरवू नका. झाकण काढून दोन दिवस झाले तरी नाही. आतल्या वायूने माणूस आवाजही न करता खाली बसतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. एकाच घरातली दोन माणसं गेलेली मी पाहिली आहेत. बांबूने, बादलीने, पंपाने बाहेरून जेवढं होईल तेवढंच करायचं.

मळ्यातली_ताई

काका, तुमचं हे धाग्याच्या सुरुवातीला असायला हवं होतं. आमच्याकडे मागच्या वर्षी आउटलेट चोंदला तेव्हा मजूर "उतरतो की पाच मिनिटं" म्हणाला होता. सासऱ्यांनी शिडीच काढून नेली. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं होतं.

सोसायटीचा_गॅस

पुण्यात आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आहे. त्याचं पाणी गच्चीवरच्या टोमॅटोला एकास दहा करून घातलं तरी पानांच्या कडा करपल्या. शेणाच्या स्लरीचंच प्रमाण याला चालत नाही का?

मातीचा_वास

नाही चालत. उष्ट्या अन्नात मीठ असतं, तेल असतं. मीठ गॅस होऊन जात नाही, सगळं पाण्यात उरतं. ईसी मोजल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. कुंडीत तर मीठ निचरून जायलाही जागा कमी. आठवड्यातून एकदा थोडंसं द्या, आणि मध्ये साध्या पाण्याने कुंडी खालून वाहेपर्यंत धुवा.

नवा_शेडनेटवाला

काका, ताई, सापडलं. शेजारी ऊस आहे, पण त्यांनी या महिन्यात काही मारलेलं नाही. मग वडिलांना विचारलं. मी स्लरी कालवायला जो निळा बॅरल वापरतो त्यातच गेल्या वर्षी आमच्या उसाचं तणनाशक कालवायचे. वडील म्हणाले, "धुतला होता की चांगला."

ताईंची अळिवाची परीक्षा तीन बश्यांत केली. एकात साधं पाणी, दुसऱ्यात आउटलेटवरून नव्या बादलीत घेऊन पातळ केलेली स्लरी, तिसऱ्यात तीच स्लरी तेवढीच पातळ करून एक रात्र त्या बॅरलमध्ये ठेवलेली. आज तिसरा दिवस. पहिल्या दोन बश्यांत अळिवाला पांढरी लांब मुळं फुटलीत, दोन्हींत सारखीच. तिसऱ्या बशीत बी फुगलंय, चिकट गर सुटलाय, पण मुळं तांदळाच्या कणीएवढी आणि गाठाळ. वीसपैकी सहांना तर काहीच नाही.

स्लरीचा दोष नव्हताच. आता झाडांचं काय करू?

मातीचा_वास

शाबास, हे काम प्रयोगशाळेत पाठवलं असतं तर महिना गेला असता. शेंडा पिळलेली झाडं लगेच उपटू नका. तीन-चार दिवस नुसतं पाणी, थोडं जास्त, म्हणजे मुळापासून खाली उतरेल. नवं पान सरळ निघायला लागलं तर झाड वाचलं. आठ-दहा दिवसांनी नवं पानही दोरीच असेल तर ती झाडं काढा. बॅरल पुन्हा कधीच पिकाजवळ नको, कितीही धुतला तरी.

ठिबक_मिस्त्री

आणि त्या बॅरलमधून गेलेली लाइनपण धुवा, फिल्टरसकट. टोकं सोडून.

नवा_शेडनेटवाला

बारा दिवसांनी लिहितोय. शेडच्या उत्तरेकडच्या चार ओळी काढाव्या लागल्या. बाकीच्या झाडांना वरचं पान रुंद, नेहमीसारखं निघालंय. बॅरल भोकं पाडून बाद केला. नवी २०० लिटरची टाकी आणलीय, तिच्यावर वडिलांनी स्वतः रंगाने "फक्त स्लरी" असं लिहिलंय. पहिला भार उद्या तयार होईल, एक दिवस हवा, झाकण लावून. ईसी मीटरही मागवलाय, तो यायला चार दिवस आहेत. तोपर्यंत एकास आठ करून देऊ का ताई?

मळ्यातली_ताई

मीटर येईपर्यंत थांब भाऊ. चार दिवसांनी झाडांचं काही बिघडत नाही. तोवर बशी लावून ठेव, आणि मीटर आला की टाकीतला आकडा आणि शेवटच्या लॅटरलच्या टोकाला येणाऱ्या पाण्याचा आकडा, दोन्ही इथे टाक.